आठ टाके कमी

४ ऑगस्ट

वारा पश्चिमेचा, मंद. नाव काढली नाही.

वेल्टाची पेटी उघडली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. आज आंदाचा रीगाहून फोन आला — "बाबा, आईचे हातमोजे मोजून ठेव. बारा ऑक्टोबरला लग्न आहे, ऐनवेळी धावपळ नको." नाहीतर अजून दोन महिने पेटीला हात लावला नसता.

तेरा जोड लागणार. नवऱ्याकडच्या प्रत्येकाला नवरीकडून एक जोड — सासू, सासरा, आज्या, काका, नणंदा, अगदी वरातीचा गाडीवाला सुद्धा. एकाला जरी राहिला तरी आयुष्यभर उणं काढतात. वेल्टानं दोन वर्षं खपून बारा जोड केलेत. काय नक्षी! लाल, पांढरी, हिरवी. प्रत्येकाला टाचणीनं नावाची चिठ्ठी लावलेली. तेरावी चिठ्ठी शोधली. जिचं नाव सगळ्यांत आधी हवं तिचंच नाही — रास्मा. आंदाची सासू!

पेटीच्या तळाशी एक राखाडी उजवा सापडला. पुरा झालेला, आमच्याकडे असतो तसा — अंगठा वेगळा, बाकी बोटांना एकच पिशवी. साधा, फक्त मनगटाशी निळी पट्टी. आणि त्याच्या जोडीचा डावा — मनगट झालंय, वर तीन बोटं वीण, पाचही सुया अजून त्यातच. चिठ्ठी नाही. हाच रास्माबाईंचा असणार.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात म्हणाली होती, "डावा राहिलाय रे." मी म्हणालो, "होईल." कसा होईल ते मलाही ठाऊक नव्हतं. आजारी माणसाला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

५ ऑगस्ट

वारा तोच. पंधरा किलो फ्लाउंडर मासे मिळाले.

झेल्माबाईंकडे गेलो. आमच्या कुंपणापलीकडच्या. बहात्तर वर्षांच्या, जीभ मात्र विशीतली. डावा दाखवला आणि म्हटलं, एवढा पुरा करून द्या. त्यांनी नुसते हात पुढे केले. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. "कपाचा कान धरता येत नाही मला, सुई कुठली धरतेय मी!"

मग म्हणाल्या, "तू शीक."

मी हसलो.

"हसतोस काय? जाळी विणतोस ना? सांगायला मी आहे."

मी डावा हात खिशातून काढून दाखवला. करंगळी नाही, तिच्याशेजारचं बोट नाही, तळव्याचा काठही गेलाय. ट्रॉलरवर दोराच्या चाकात गेलं ते सगळं, एकोणीस वर्षं झाली.

"तीन आहेत की," म्हणाल्या. "उद्या ये. आणि ओत्तोला सांगू नकोस, बंदरभर करेल."

६ ऑगस्ट

दोन सुया, वीस टाके. सुलट टाका म्हणजे — सुई पुढून आत, धागा तिच्यावरून, ओढून बाहेर, जुना सोडून द्यायचा. पोरीबाळी सहाव्या वर्षी शिकतात. मला एका ओळीला पाऊण तास लागला. मानेवरून घाम! भर तुफानात इतका घामलो नव्हतो.

१० ऑगस्ट

वीस टाक्यांचे सत्तावीस झाले. कुठून आले? मी एकही वाढवला नाही! झेल्माबाईंनी तुकडा उजेडात धरला आणि त्यातली भोकं मोजली. "धागा पुढे ठेवून सुलट घालतोस. दरवेळी एक फुकटचा टाका चढतो." सगळं उसवलं. पुन्हा वीस.

१३ ऑगस्ट

वारा उत्तरेचा, झोंबरा.

आज सुई टाक्यात शिरेचना. जाळ्याची गाठ जशी आवळतो तसा मी प्रत्येक टाका आवळत होतो. आवळली नाही तर गाठ सुटते — चाळीस वर्षांची सवय आहे.

"अरे, जाळं नाही ते! त्यातून मासा पळणार नाहीये," झेल्माबाई ओरडल्या. "सैल सोड. हात सैल सोड, झानिस. खांदे बघ कुठे गेलेत — कानात!"

सैल सोडावं कसं? आपल्याकडे बायका धागा करंगळीला वेढा देऊन घेतात, मग तर्जनीवरून. करंगळी धरते म्हणून धागा शिस्तीत येतो. मी कशाला वेढा देऊ? एकतर आवळतो, नाहीतर धागा घरंगळत जमिनीवर जातो. रागानं सुया भिंतीवर फेकल्या. एक वाकली. ती वेल्टाची होती.

१४ ऑगस्ट

सुई सरळ केली. अर्धा तास तीच हातात धरून बसलो होतो.

१७ ऑगस्ट

जमलं! सदऱ्यावर छातीशी मोठी सेफ्टी पिन लावली, धागा तिच्यातून ओवून अंगठ्यावर घेतला. आता पिन धागा धरते, अंगठा तो सुईवर ढकलतो. झेल्माबाईंनी बराच वेळ पाहिलं. हसतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "असं कुणी करत नाही." मग पुन्हा म्हणाल्या, "पण टाका सारखा येतोय."

वीसचे वीसच राहिले. चाळीस ओळी!

२० ऑगस्ट

उलट टाका. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट — मनगटाची लवचिक वीण. माझ्या या पिनेच्या तऱ्हेत उलट टाका सुलटापेक्षा सोपा जातो. झेल्माबाई म्हणतात, जगात सगळं उलटंच करायचं व्रत घेतलंयस तू.

२६ ऑगस्ट

ओत्तो गळ मागायला आला. पिन काढायची राहिली होती! तिच्यातून लोंबणारा राखाडी धागा त्यानं पाहिला, धाग्याच्या टोकाला असलेला गोळा पाहिला. संध्याकाळी बंदरावर — "झानिस, माझ्या नावेलाही एक टोपडं विण की! सर्दी झालीय तिला." सगळे दात काढत होते. मी डावा हात खिशात घालून निघून आलो.

२७ ऑगस्ट

काल ते हसले तेव्हा जुनं आठवलं. लिहून टाकतो, डोक्यातून जाईल.

बोटं गेली त्याच हिवाळ्यात वेल्टानं मला नवा जोड विणला होता. घालून बंदरावर गेलो. डाव्याची रिकामी बाजू वाऱ्यानं फडफडत होती. कोणीतरी म्हणालं, "झानिसनं शीड उभारलं!" ओत्तोच असावा. घरी आलो आणि तिच्यासमोर दोन्ही हातमोजे चुलीत घातले. म्हणालो, "पुन्हा माझ्यासाठी विणायचं नाही." तिनं पुन्हा विणलं नाही. एकोणीस हिवाळे हात खिशात ठेवून काढले. खिसा पुरतो.

मी वाईट वागलो. तिला कधी तसं सांगितलं नाही.

१ सप्टेंबर

पाच सुयांवर गोल विणायला शिकतोय. चार सुयांवर टाके, पाचवी फिरती. साळिंदर हातात धरल्यासारखं वाटतं.

७ सप्टेंबर

वारा दक्षिणेचा. पाऊस.

एक टाका गळला आणि बारा ओळी खाली धावला! झेल्माबाईंनी क्रोशाची सुई दिली — खालच्या फासात घालायची, वरची दांडी ओढून घ्यायची, मग पुढची, अशी शिडी चढत वर. फाटक्या जाळ्यात यापेक्षा वाईट भगदाडं बुजवलीत मी. हे एकदाच पहिल्या झटक्यात जमलं.

१२ सप्टेंबर

"आता तिचा हातात घे," झेल्माबाई म्हणाल्या. बरोबर महिना उरलाय.

घेतला. आधी मोजले. मनगटाला छप्पन्न, प्रत्येक सुईवर चौदा. उजव्यालाही छप्पन्नच. पण डाव्यावर मनगट संपल्यावर वर अठ्ठेचाळीस! मधल्या दोन सुयांवर दहा-दहाच. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. आठ टाके कमी.

झेल्माबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं. "इथे घटवलेत तिनं. चार ओळींत, दोन-दोन करून. आणि सगळे एकाच बाजूला, बाहेरच्या." मग म्हणाल्या, "औषधांच्या गुंगीत होती रे पोर. मोजणी चुकली असेल. उजवा आहे एवढा रुंद, आणि डावा असा? विहिणीला असला जोड द्यायचा? आधीच राखाडी, नक्षी नाही."

"नक्षी करायचं बळ नसेल राहिलं," मी म्हणालो.

"मग हे मनगटापर्यंत उसव. छप्पन्नवर सरळ वर चढव."

मी म्हणालो, उसवणार नाही.

१३ सप्टेंबर

उजवा हातात घालून बघावा, अंदाज येईल, म्हणून बोटं आत सरकवत होतो तर झेल्माबाईंनी हातावर चापट मारली! "वेड लागलं का? द्यायच्या हातमोज्यात आधी ज्याचा त्याचाच हात जातो. दुसऱ्याचा गेला की तो ऊब घेऊन जातो." वेल्टाही हे कडक पाळायची. आंदा लहानपणी पेटीपाशी घुटमळली तरी ओरडायची.

मग बाहेरूनच पट्टीनं मापलं. मोठा आहे. रास्माबाई आडव्या हाडाची आहे म्हणा, एकदाच भेटली, उभ्या उभ्या. हात कोण बघतो!

१५ सप्टेंबर

नाव काढली नाही. डावा टेबलावर पडून आहे.

ही तीन बोटं वीण तिनं शेवटची विणली. पलंगावर उशीला टेकून, मध्येच डोळा लागायचा, सुया छातीवर. ते धागे तिच्या बोटांतून गेलेत. ओढलं की गेलं, परत तसं होणार नाही. एक चूक असेल, पण तिची चूक आहे! आणि तशीच ठेवून पुढे विणलं तर रास्माबाईंचा हात आत शिरणार नाही, साऱ्या मांडवासमोर. आंदाला तिथे जन्म काढायचाय.

काय करू?

१६ सप्टेंबर

उसवलं.

धागा कुरळा झाला होता. ओढताना टाके एकेक टप्प टप्प सुटत होते. झेल्माबाईंना यायला नको म्हटलं होतं. मनगट तेवढं ठेवलं, ते तिचंच आहे. छप्पन्न टाके सुईवर घेतले. त्यानंतर बाहेर जाऊन सरपण फोडत बसलो, अंधार पडेपर्यंत.

१९ सप्टेंबर

सतरा ओळी. छप्पन्नचे छप्पन्न. प्रत्येक फेरीला मोजतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

आंदा आली. पिशवीतून दुकानातला जोड काढला — यंत्रावरचा, कडक नक्षी, आत कागदी लेबल. "रास्मामावशींना हा देऊ. काळजी मिटली."

मी म्हणालो, आईचा पुरा होतोय.

"कोण करतंय? झेल्माआजी? त्यांना चमचा धरवत नाही!"

विणकाम उशीखाली होतं.

"बाबा, हट्ट सोड ना. हातमोजे पुरे झाले म्हणून आई परत येणार आहे का?"

मी तिचा जोड उचलून अंगणात फेकला. तिनं मुकाट्यानं जाऊन उचलून आणला, चिखल पुसला. जाताना दारात म्हणाली, "माझी एकच मागणी आहे. त्या दिवशी हात खिशातून काढ. मला तुझा हात धरून चालायचंय, तुझा खिसा धरून नाही."

सांगायला हवं होतं तिला की मीच विणतोय. बोलणं माझ्या तोंडून वेळेवर कधी निघत नाही.

२२ सप्टेंबर

वादळ. दिवसभर विणलं.

२९ सप्टेंबर

अंगठा उलट्या बाजूला! दोन दिवसांचं काम. उजवा समोर ठेवून त्याचं बघून विणत गेलो — आणि दुसरा उजवाच तयार झाला! झेल्माबाई आधी हसल्या, मग कॅलेंडरकडे बघू लागल्या. तेरा दिवस उरलेत. पंचवीस ओळी उसवल्या. या वेळी नुसता संताप होता.

४ ऑक्टोबर

अंगठ्याचे टाके वेगळ्या धाग्यावर ओवून ठेवले. डाव्या बाजूला. तीनदा तपासलं.

८ ऑक्टोबर

टोकाकडे आलो. दोन्ही कडांना घटवत न्यायचं, टोक निमुळतं होतं. बोटांची आग होते. मासे चार दिवस समुद्रातच आहेत, ओत्तो म्हणतो ते मला धन्यवाद देतायत.

१० ऑक्टोबर

झाला! अंगठाही झाला. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओवून ओढला आणि भोक मिटलं. उजव्याशेजारी ठेवला. माझा जरा घट्ट, जरा वेडावाकडा, पण रुंदी तंतोतंत. झेल्माबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाल्या, "मोलकरणीनं विणल्यासारखा आहे." त्यांचं कौतुक असंच असतं.

चिठ्ठी लिहून टाचली — रास्मा. तेरा जोड मांडून ठेवले. व्याहीबुवांचा, आर्विद्सचा जोड भलताच फुगीर दिसतो. दुहेरी लोकर वापरली असेल.

आंदाला फोन केला. म्हटलं, "आईचा डावा मी पुरा केला. मी. स्वतः." पलीकडे ती रडली. तो दुकानातला जोड ती स्वतः घालणार म्हणाली.

१२ ऑक्टोबर

लग्न लागलं. परत आल्यावर लिहितोय, चार ओळीच.

हात खिशातून काढला होता. आंदानं डावाच धरला, मुद्दाम. थंडी होती, हात उघडाच. तिनं सोडला नाही.

जेवणाआधी जावयाच्या, गुन्तिसच्या घरी हातमोजे वाटले. सगळ्यांनी तिथेच घालून दाखवायचे. रास्माबाईंनी राखाडी घातला. आत हात हरवला त्यांचा! बाई उंच, पण हात लहान मुलीसारखे. तरी म्हणाल्या, "छान उबदार आहे हो." तेवढ्यात आर्विद्स ओरडला, "अरे, माझ्या मोज्यात काहीतरी आहे!" आत हात घालून त्यानं एक छोटा जोड ओढून काढला. लाल-पांढरा, सगळ्यांत देखणा. चिठ्ठी आत टाचलेली. वेल्टाचं अक्षर — रास्मा.

पेटीत जागा पुरावी म्हणून एकात एक घातले होते तिनं. आणि आम्ही कोणी आत हात घालणारे नव्हतो.

हशा पिकला, टाळ्या झाल्या. रास्माबाईंनी लाल-पांढरा घातला, नेमका बसला. राखाडी जोड माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "हा चौदावा कोणाचा हो, व्याहीबुवा?"

मला माहीत नाही म्हणालो. कोटाच्या खिशात ठेवला.

१३ ऑक्टोबर

वारा पाहिला नाही.

सकाळी उजवा घातला. कुठे ओढत नाही, कुठे सुटत नाही. माझाच हात.

मग डावा, मी विणलेला. करंगळीच्या बाजूला रिकामा लोंबतो. आठ टाक्यांइतका.

वेल्टा चुकली नव्हती.

पिन लावली. मनगटापर्यंत उसवला. मधल्या दोन सुयांवर दहा-दहा.